युद्धकाळातल्या व्यंगचित्रांची भेटकार्डं: काय छापता येतं, आणि घडीवर शाई का फुटते?

कोराकागद

दोन महायुद्धांच्या काळातली राजकीय व्यंगचित्रं घेऊन ८ भेटकार्डांचा संच काढायचा आहे. मिटलेलं कार्ड ए६, प्रत्येकी १०० नग. विक्री पुण्यातल्या प्रदर्शनांत आणि ऑनलाइन. ऑनलाइनची निम्मी गिऱ्हाइकं इंग्लंड-अमेरिकेतली मराठी मंडळी असतील.

सध्याची यादी: डेव्हिड लो यांचा खडकावर मूठ उगारून उभा असलेला सैनिक (जून १९४०), त्यांचेच हिटलर-स्टालिन एकमेकांना टोप्या काढून लवताना (सप्टेंबर १९३९), त्यांनीच काढलेले गांधीजी, फिलिप झेक यांचं ८ मे १९४५ चं 'डेली मिरर'मधलं चित्र, ब्रूस बेर्न्सफादर यांचे खड्ड्यात बसलेले दोन सैनिक (१९१५), टाउनसेंड यांचा 'पंच' या लंडनच्या विनोदी साप्ताहिकातला बेल्जियमचा पोरगा (१९१४) आणि लुई रामाकर्स यांची दोन.

अडचणी तीन. एक, यातल्या कशाचा कॉपीराइट संपलाय, म्हणजे काय मोकळं आहे? सगळी ८० वर्षांहून जुनी आहेत. दोन, जुन्या बांधीव अंकांवरून ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) जेपेग स्कॅन केले. टाउनसेंडच्या रेषा धूसर दिसतात आणि बेर्न्सफादरवर चौकटीचौकटींचं जाळं उमटतं. तीन, नमुना ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) आर्ट कार्डावर डिजिटलला काढला, १२×१८ इंची शीटवर चार कार्डं बसवून. घडीवर काळा रंग फुटून पांढरी भेग पडते. मूळ इंग्रजी ओळी पुसून तिथे मराठी घालायचाही विचार आहे.

मुदतवाढ

'८० वर्षांहून जुनं' हे मोजमाप विसरा. आपल्याकडे व्यंगचित्राचा हक्क चित्रकार वारल्याच्या पुढल्या १ जानेवारीपासून ६० वर्षं चालतो. चित्र कधी छापलं याला महत्त्व नाही, चित्रकार कधी गेला याला आहे. (१९९२ च्या दुरुस्तीआधी ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथांचं साहित्य १९९१ च्या शेवटी मोकळं होणार होतं, त्या धावपळीत ती वाढली.) ब्रिटन आणि युरोपात तीच मुदत ७० वर्षं. अमेरिकेत हिशेब वेगळा: त्या काळच्या छापील चित्रांना प्रसिद्धीपासून ९५ वर्षं.

आता तुमची यादी.

लो गेले १९६३ साली. भारतात त्यांची चित्रं १ जानेवारी २०२४ पासून मोकळी. ब्रिटनमध्ये मात्र २०३३ च्या अखेरपर्यंत बांधलेली, आणि १९४० चं चित्र अमेरिकेत २०३५ अखेरपर्यंत. म्हणजे तोच सैनिक पुण्यात विका, लंडनला पाठवू नका. ऑनलाइन दुकानात या कार्डांपुरता 'फक्त भारतात पाठवू' असा पर्याय ठेवा. नाहीतर एका तक्रारीवर अख्खं दुकान बंद पडतं, मग बाकीची निर्दोष कार्डंही अडकतात.

झेक गेले १९८३ ला. भारतात २०४३ अखेरपर्यंत हात लावायचा नाही. चित्र १९४५ चं आहे म्हणून लोक हमखास इथेच फसतात.

बेर्न्सफादर, १९५९. भारतात २०२० पासून मोकळे, १९१५ चं चित्र अमेरिकेतही मोकळं, ब्रिटनमध्ये २०२९ अखेरपर्यंत थांबा. रामाकर्स, १९५६. भारतात मोकळे, पहिल्या महायुद्धातली चित्रं अमेरिकेतही मोकळी, ब्रिटन-युरोपात १ जानेवारी २०२७ पासून.

टाउनसेंड १९२० लाच गेले. कुठेही छापा, कुठेही पाठवा.

लो यांचे गांधीजी मात्र यादीतून काढाच. इथे आड येतो तो १९५० चा बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराविरुद्धचा कायदा. त्याच्या परिशिष्टात शिवाजी महाराज, गांधीजी, नेहरू यांची नावं आणि चित्रं आहेत, आणि केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ती धंद्यासाठी वापरता येत नाहीत. चित्राची मुदत संपली तरी हा कायदा संपत नाही.

इंग्रजी ओळी पुसून मराठी घालणं: नको. आपल्या कायद्याच्या कलम ५७ मध्ये चित्रकाराच्या लौकिकाला बाधा येईल अशा मोडतोडीविरुद्ध हक्क आहे. २०१२ च्या दुरुस्तीत 'मुदत संपण्यापूर्वी' ही अट त्यातून गळली आणि वारसांना दाद मागता येते. मराठी आत छापा, चित्राला हात लावू नका.

खिळेजुळारी

मुदतवाढ यांनी हक्कांचं सांगितलं, मी ब्लॉकचं सांगतो. चित्र निवडताना ते लाइन ब्लॉकवर (नुसत्या रेषांच्या ठशावर) छापलं होतं की हाफटोनवर (बारीक ठिपक्यांच्या ठशावर), हे भिंग लावून आधी बघायचं. टाउनसेंड म्हणजे टाकाची रेघ, नुसतं काळं-पांढरं. लो म्हणजे ब्रशचे जाड फटकारे, तेही लाइन. बेर्न्सफादर यांनी पातळ शाईचे हात मारून करडे थर दिलेत, म्हणून ते हाफटोन, ठिपक्यांचं. रामाकर्स यांचे खडूचे पोतही बहुतेक ठिकाणी हाफटोननेच छापलेले सापडतात. या दोन जातींना एकच स्कॅन चालत नाही, आणि तुमचं तिथेच बिनसलंय.

लाइनचं काम असं करा. पानामागे काळा कार्डपेपर ठेवा. पांढरा ठेवलात तर मागचा छापील मजकूर पातळ कागदातून पुढे उमटतो आणि मग तो साफ करता करता रेषाही जातात. १२०० डीपीआय, ग्रेस्केल, टिफ. जेपेग नको, प्रत्येक रेघेभोवती तो धुरकट कण सोडतो, आणि तोच तुम्हाला 'धूसर' दिसतोय. स्कॅनरमधलं शार्पनिंग बंद. आधी चित्र अंतिम मापाला आणा, १२०० ठेवा, आणि त्यानंतरच थ्रेशोल्ड मारून (ठरावीक आकड्याखालची छटा काळी, वरची पांढरी) एक-बिट, म्हणजे करडं नसलेलं, करा. उलटं केलंत, म्हणजे आधी थ्रेशोल्ड आणि मग लहान, तर रेघांना पायऱ्या पडतात. थ्रेशोल्डचा आकडा चेहऱ्यावरून ठरवा, काळ्या कोटावरून नको. १२८ पासून सुरू करून वरखाली सरका. डोळ्याखालच्या रेघा तुटल्या तर वाढवा, मिशा बुजल्या तर कमी करा. चेहरा आणि पार्श्वभूमी यांना वेगवेगळा आकडा लागला तर दोन प्रती करून मास्कने जोडा.

पण एक हिशेब आधी. 'पंच'मधलं पानभर चित्र समजा २२ सेंमी उंच आहे. ए६ वर समास सोडून १२.५ सेंमी उरतात, म्हणजे ५७ टक्के. मूळची ०.१५ मिमीची रेघ तिथे ०.०८५ होते, आणि आडव्या-तिरप्या रेघांच्या जाळीतली पांढरी फटही तेवढीच आक्रसते. डिजिटलला ती फट बुजते आणि चित्रातल्या जर्मन म्हाताऱ्याचा कोट सपाट काळा दिसतो. त्यामुळे टाउनसेंडसाठी ए६ लहान पडतं. ५×७ इंची कार्ड घ्या.

हाफटोनचं वेगळं. जुन्या ठिपक्यांवर छपाईयंत्राचे नवे ठिपके चढले की जे जाळं दिसतं ते तुमच्या बेर्न्सफादरवर आलंय. मूळ जाळी इंचाला १२० ओळींची धरा. १२०० डीपीआयला एक ठिपका १० पिक्सेलचा. म्हणून गॉशियन ब्लर ४ ते ५ पिक्सेल, ठिपके विरघळतात. मग लहान करून ३५० वर आणा आणि शेवटी हलकं शार्पन. ब्लर ३०० डीपीआयच्या स्कॅनवर मारून उपयोग नाही, तिथे एक ठिपका अडीच पिक्सेलचा असतो आणि जाळं फाइलमध्येच शिजलेलं असतं. काही जण ठिपक्याला ठिपका एक-बिट उचलतात. ते फक्त मूळ मापाला किंवा मोठं करताना चालतं. ६० टक्क्यांवर आणलंत की १२० ची जाळी २०० ची होते, आणि मध्यम करडे भाग चिकटून काळे पडतात.

फाइल देताना सगळं एकाच काळ्यात द्या, के १०० टक्के. आरजीबी पाठवलं तर यंत्र काळा चार रंगांतून बनवतं आणि बारीक रेघेला निळी-लाल किनार सुटते.

घडीवाला

भेगेचं कारण शाई नाही, ग्रेन आहे, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा.

ए६ कार्ड उघडं २१०×१४८ मिमी. घडी १४८ च्या बाजूला समांतर. तुम्ही १२×१८ च्या शीटवर चार बसवलीत, म्हणजे १८ इंचांकडे २१० चे दोन आणि १२ इंचांकडे १४८ चे दोन. घडी १२ इंचांच्या दिशेने गेली. बाजारातलं १२×१८ बहुतेक वेळा १८ च्या दिशेने ग्रेन असलेलं येतं. झाली घडी ग्रेनच्या आडवी, आणि ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड आडव्या ग्रेनवर मोडणारच. वर डिजिटलचा टोनर: तो कागदात मुरत नाही, पापुद्र्यासारखा वर बसतो. कागद मोडला की पापुद्राही फाटतो.

खात्री करायची तर शीटच्या कोपऱ्यातून ५ सेंमीचा चौकोन कापा, कडेवर दिशेची खूण करा, एक बाजू ओल्या बोटाने पुसा. तो नळीसारखा वळतो. नळीची लांबी ज्या दिशेला, त्या दिशेला ग्रेन.

उपाय दोन आणि दोन्हीत एक चतुर्थांश कागद जातो. एकतर शीटवर चाराऐवजी तीन बसवा: १८ इंचांकडे १४८ चे तीन (४४४ मिमी, शीट ४५७), १२ इंचांकडे २१० चा एक. घडी ग्रेनला समांतर. नाहीतर २५×३६ च्या मोठ्या शीटमधून १२×१८ आडवं कापून घ्या. तिथेही चाराऐवजी तीनच निघतात. ८०० कार्डांना तीनच्या मांडणीत २६७ शीट, वर लावालावीला १५-२० धरा.

खिळेजुळारी म्हणतात ते ५×७ घेतलंत तर उघडं माप २५४×१७८. १२×१८ वर दोन बसतात आणि घडी आपोआप १८ च्या दिशेने येते. ४०० शीट लागतील, पण ग्रेनची भानगड मिटते.

क्रीजिंग, म्हणजे घडीच्या जागी आधी दाबून खोबण पाडणं, केल्याशिवाय घडी घालायची नाही. ३०० जीएसएम आर्ट कार्ड साधारण ०.३ मिमी जाड. दाबणारा रूल (धातूची पट्टी) २ पॉइंटचा, म्हणजे ०.७ मिमी. खालची खाच = रूलची जाडी + कागदाची जाडी दीडपट, म्हणजे १.१५, १.२ ची खाच लावा. खाच अरुंद असेल तर क्रीजवरच कागद कापला जातो, रुंद असेल तर घडी वाकडी जाते. क्रीज केल्यावर एका बाजूला उंचवटा येतो तो कार्डाच्या आत गेला पाहिजे. अर्धे लोक उलटी घडी घालतात, कारण हाताला तीच सोपी लागते.

आणि चित्र घडीपर्यंत नेऊच नका. घडीपासून ८ मिमी पांढरं सोडा. लो यांच्या सैनिकामागचं काळं आभाळ कडेपर्यंत नेण्याचा मोह होतो, पण मूळ चित्राला चौकट आहे, ती राहू द्या. चारी बाजूंनी समास असला की ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर नेलेली छपाई) लागत नाही, कार्डं अंगाला अंग लावून बसतात. वरचा तीनचा हिशेबही म्हणूनच जमतो. ३ मिमी ब्लीड दिलंत तर तीन कार्डांना ४६२ लागतील आणि शीट ४५७ चं आहे.

नॅचरलशेड

खिळेजुळारी, एक-बिटबद्दल थोडं दुमत. रामाकर्सच्या खडूच्या रेघेला एक-बिट केलं तर ती कोळशाची वाटत नाही, भाजल्यासारखी दिसते. त्या चित्रांना ग्रेस्केलच ठेवा.

दुसरं, पिवळट 'जुना' रंग छापू नका. चार रंगांत हलका पिवळा छापला की शीटगणिक छटा बदलते आणि बाजूबाजूला ठेवलेली आठ कार्डं आठ वयांची दिसतात. त्याऐवजी कागदच नॅचरल शेडचा, अनकोटेड, २५० ते ३०० जीएसएम. त्यावर पेनाने लिहिताही येतं. आर्ट कार्डावर जेल पेन पुसलं जातं, आणि भेटकार्डावर लिहायचं असतं हे छापणारे विसरतात. अट एवढीच की पोत गुळगुळीत हवा. खडबडीत कागदावर टोनर खळग्यांत पोचत नाही आणि मोठे काळे भाग मुरमाड दिसतात. ऑफसेटला हा त्रास कमी, पण तिथे काळ्याला वाळायला पूर्ण एक दिवस द्या. ओल्या गठ्ठ्यावर क्रीजिंग केलं की वरच्या कार्डाचा सैनिक खालच्या कार्डाच्या पाठीवर.

अनकोटेड ३०० जाडीला ०.३७ च्या आसपास जातो, खाच त्या हिशेबाने १.३.

मुदतवाढ

निवडीबद्दल आणखी थोडं. दुसऱ्या महायुद्धातली जपान्यांवरची बरीचशी चित्रं, दात आणि चष्मे काढलेली, हक्क मोकळे असले तरी भेटकार्ड म्हणून कुणाला देणार? ती अभ्यासाच्या पुस्तकात शोभतात. रामाकर्सचंही तसंच. त्यांच्या चित्रांचा त्या काळी केवढा प्रसार होता बघा: १९१६ साली कॅरेरास कंपनीने ब्लॅक कॅट सिगारेटींबरोबर १४० चित्रांचा संच काढला होता. पण त्यांतली कित्येक प्रेतांची आणि अत्याचारांची आहेत, आणि युद्धात रंगवून सांगितलेल्या बातम्यांवर उभी आहेत. दोन घ्यायची तर जर्मन सम्राट कैसरची टर उडवणारी घ्या.

हिटलरच्या चित्रांत नाझींचा वाकडा क्रॉस असेल तर जर्मनीचं गिऱ्हाईक तपासून घ्या. तिथे ते चिन्ह दाखवायला बंदी आहे. नाझीविरोध उघड असेल तर सूट आहे, पण ऑनलाइन बाजारांची यंत्रं एवढा विचार करत नाहीत. आपल्याकडे अडचण निराळी: दिवाळीच्या पाकिटातून असं कार्ड निघालं तर आजीला तो तिरपा स्वस्तिक वाटतो.

झेक आणि गांधीजी गेले, त्या दोन जागांसाठी हॅसल्डेन बघा. 'डेली मिरर'मध्ये १९१४ पासून कैसर आणि युवराज यांची 'बिग अँड लिटल विली' ही जोडगोळी त्यांनी काढली. ते वारले १९५३ ला, म्हणजे ब्रिटनमध्येही १ जानेवारी २०२४ पासून मोकळे. स्वच्छ रेघ, चौकटी-चौकटींची गोष्ट. त्यातली एकच चौकट मोठी करून घेता येते. 'पंच'मधले बर्नार्ड पार्ट्रिज (मृत्यू १९४५) आणि रेव्हन-हिल (मृत्यू १९४२) हेही ब्रिटनमध्ये मोकळे, फक्त अमेरिकेला पाठवायचं तर १९३० च्या आधीची चित्रं घ्या.

आपल्या मातीतलं हवं असेल तर मुंबईचा 'हिंदी पंच' आहे. पारशी मंडळींचं साप्ताहिक, चित्राखाली गुजराती आणि इंग्रजी दोन्ही ओळी, पहिल्या महायुद्धावर भरपूर चित्रं. चित्रावर नाव नसेल आणि चित्रकार उघड झालेला नसेल तर प्रसिद्धीपासून ६० वर्षं, तो काळ केव्हाच उलटला.

कोराकागद

आभार. बदललेली यादी: लो २ (फक्त भारतात), टाउनसेंड १, बेर्न्सफादर १, रामाकर्स १, हॅसल्डेन २, हिंदी पंच १. माप ५×७, अनकोटेड. दोन प्रश्न उरले. टपालाला वजन किती होईल? आणि पाठीवर, आत नेमकं काय छापू?

घडीवाला

५×७ उघडं, ३०० जीएसएम: ०.२५४ × ०.१७८ × ३०० = १३.६ ग्रॅम. १३३×१८४ चं १०० जीएसएमचं पाकीट साधारण ६.५ ग्रॅम. बेरीज २० च्या वर, आणि साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमला संपतो. तिकीट आणि पत्त्याची चिठ्ठी अजून धरलेलीच नाहीत. २५० जीएसएम घेतलंत तर कार्ड ११.३, एकूण १८ च्या आत. अनकोटेड २५० हाताला पुरेसं भरीव लागतं. खाच पुन्हा मोजून घ्या.

नॅचरलशेड

पाठीवर मधोमध, खाली, ८ पॉइंटात: चित्रकार, नियतकालिक, शहर, तारीख. त्याखाली एक ओळ संदर्भाची. उदा. 'एफ. एच. टाउनसेंड, पंच, लंडन, १२ ऑगस्ट १९१४. आठ दिवसांपूर्वी जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या होत्या.' ही ओळ नसेल तर खिशातून सॉसेज लोंबणारा म्हातारा कोण आणि फाटकापाशी काठी घेऊन उभा पोरगा कोण, हे गिऱ्हाइकाला कळत नाही आणि कार्ड परत रॅकवर जातं. चित्रातली मूळ इंग्रजी ओळ चित्राखालीच राहू द्या.

आत डावं पान कोरं, उजव्या पानावर मराठी ओळ, तीही वरच्या तिसऱ्या भागात, खाली लिहायला जागा. शब्दशः भाषांतर नको, प्रसंगाला लागू पडेल असं. बेर्न्सफादरचा सैनिक तोफगोळ्यांच्या माऱ्यात खड्ड्यात बसून सोबत्याला म्हणतो, याहून बरा खड्डा ठाऊक असेल तर जा बाबा तिकडे. मुंबईत घर घेतलेल्याच्या वास्तुशांतीला याहून चपखल कार्ड सापडायचं नाही. (हे बेर्न्सफादर जन्मले मरीला, तेव्हाच्या पंजाबात, पाठीवर जागा उरली तर घाला.)

खिळेजुळारी

आत छापणार असाल तर दुहेरी छपाई आली, मग पुढचं-मागचं रजिस्टर एका शीटवर तपासा: शीट उजेडाकडे धरा, दोन्ही बाजूंच्या घडीच्या खुणा १ मिमीच्या आत जुळल्या पाहिजेत. न जुळल्या तर क्रीज पुढच्या बाजूच्या खुणेवर लावा, आतली ओळ किंचित सरकलेली चालते.

घडीवाला

आणि पाकिटं पावसाळ्यात साठवू नका. दमट हवेत खळ आपोआप चिकटते, मग शंभरातली वीस चाकूने उघडत बसावं लागतं.